म्हशाच्या भोंग्यावर आमचं गाव

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, आणि लिहिलं असतं तरी तुम्हाला ते ओळखू आलं नसतं. मुरबाडहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टरसुद्धा आमच्या गावाचं तिकीट देत नसे. अलीकडच्या मोठ्या गावाचं तिकीट हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "पुढं कुठं उतरायचं तिथं उतरा." शाळा त्या मोठ्या गावात, रेशनचं दुकान त्या गावात, मतदानाची खोलीही तिथंच. लग्नपत्रिकेवर आम्ही त्याच गावाचं नाव छापायचो, नाहीतर वऱ्हाड भलतीकडं जायचं.

वर्षातून एकदा मात्र आमचं नाव चारचौघांत आणि चांगलं खणखणीत घेतलं जायचं. पौषात म्हसा गावची जत्रा भरते. बैलबाजाराच्या कडेला तेव्हा कबड्डीचे सामने असायचे, आणि निवेदक भोंग्यावरून पुकारायचा की अमक्या गावच्या संघानं मैदानाजवळ यावं. त्यात आमचंही गाव असायचं.

माझे वडील त्या एका वाक्यासाठी जत्रेला जायचे. बैल बघायला जातो असं ते सांगायचे, आणि बैल बघायचेही. तिथं सौदा टॉवेलाखाली होतो. दोघं टॉवेलाआड एकमेकांची बोटं धरतात आणि बोटांनीच भाव ठरवतात. एका वर्षी ऐन सौद्यात भोंग्यावर आमचं नाव आलं. वडिलांनी व्यापाऱ्याची बोटं तशीच घट्ट धरून ठेवली, मान वर केली आणि नाव दोनदा पुकारून होईपर्यंत हलले नाहीत. व्यापाऱ्याला वाटलं, म्हातारा काहीतरी मोठा भाव सांगतोय. तो बिचारा बोटं मोजायच्या प्रयत्नात होता.

अशा थोर गावाच्या संघाचा मी कप्तान होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. कप्तानपद मला खेळावरून मिळालं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. माझी जागा डाव्या कोपऱ्यात. चढाईला आलेल्याचा घोटा धरणं हे कोपऱ्यातल्या गड्याचं काम. मी घोटा धरायचो, पण पुष्कळदा तो आमच्याच शेजारच्या गड्याचा निघायचा. तरीही मी कप्तान होतो, कारण मुरबाडच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो, माझ्या खिशाला पेन असायचं आणि पंचांशी मला शुद्ध मराठीत भांडता यायचं. बाकीचे गडी भांडायला लागले की पंच हसायचे. मी भांडायला लागलो की निदान ऐकून घेऊन मग आमच्याविरुद्ध निकाल द्यायचे.

आमचं मैदान म्हणजे गावाचं खळं. भात झोडून झालं, पेंढा रचला, की खळं मोकळं व्हायचं. मग आम्ही त्यावर पाणी शिंपायचो, लाकडी चोपण्यांनी ते चोपून काढायचो आणि बायका शेणानं सारवायच्या. घरटी एक बाई यायची, तसा रिवाजच होता. माझी काकू सारवता सारवता म्हणायची, "कालपतूर भात झोडलं, आता तुमाला झोडतील हितं." तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

शेठ आमच्या आयुष्यात आले ते शहापूरच्या एका सामन्यात. आम्ही जीप करून गेलो होतो. टपावर तीन गडी, मागं लोंबकळत दोन, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी मी, कारण मी कप्तान. सामना आम्ही व्यवस्थित हरलो. पण आमचा एक चढाईपटू, नात्यानं माझा चुलतभाऊ, त्या दिवशी अंगात आल्यासारखा खेळला. पहिल्या रांगेत खुर्चीवर पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ बसले होते. ते सामना संपल्यावर आमच्याकडं आले, चुलतभावाच्या दंडावर थाप मारली आणि म्हणाले, "क्या बात है, चॅम्पियन! कुठल्या गावचे तुम्ही?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत होतं! अनोळखी माणसाला आमचं गाव माहीत असल्याचा तो मी पाहिलेला पहिला प्रसंग. मला इतका आनंद झाला की कसं माहीत, हे विचारायचं राहूनच गेलं. नंतर कळलं की आमच्या डोंगराचा अख्खा उतार त्यांनीच घेतला होता. टाइल्सचा मोठा धंदा होता त्यांचा, आणि उतारावर फार्महाऊसचे प्लॉट पाडायचे होते.

पण नुसत्या प्लॉटसाठी ते आमच्यामागं लागले असं म्हणणं खोटं होईल. त्यांना कबड्डीचं खरंच वेड होतं. आम्ही हरलो की त्यांचा चेहरा उतरायचा, एकदा तर डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं. ज्याला त्याला चॅम्पियन म्हणायचे. मलाही म्हणायचे. माझा खेळ बघूनही म्हणायचे, तेव्हा माणूस मनानं मोठाच म्हटला पाहिजे.

आधी ट्रॅकसूट आले. निळे, बाहीवर पांढरे पट्टे, पाठीवर त्यांच्या फार्महाऊसचं इंग्रजी नाव. तो ट्रॅकसूट मी घातला आणि मग काढलाच नाही. मुरबाडच्या बाजारात घातला, कारखान्यात घातला, मेव्हणीच्या हळदीलाही तोच घालून गेलो. सासऱ्यांनी मला बँडवाल्यांच्या पंगतीत बसवलं. बायको म्हणाली, "कापड हाय का कातडं? धुवाया तरी द्या." मी तिला समजावलं की मोठ्या संघांत अशीच शिस्त असते.

मग बूट आले, गुडघ्याच्या पट्ट्या आल्या, आणि खुराक आला. शेठ शाकाहारी. सकाळी भिजवलेले बदाम, दुपारी पनीर, संध्याकाळी केळी आणि दूध. आमच्या गड्यांनी पनीर आधी वास घेऊन बघितलं. चुलतभाऊ म्हणाला, "याला चव कदी येनार?" आठवडाभरात सगळ्यांना सुकटाची आणि नाचणीच्या भाकरीची आठवण होऊ लागली. घरी जाऊन चोरून सुकट खायची आणि तोंडाला वास नको म्हणून बडीशेप चघळत सरावाला यायचं, असा सगळ्यांचा खुराक ठरला. शेठ खूश. म्हणायचे, बघा, पनीरनं कशी ताकद आली. मीही मान हलवायचो, बडीशेप चघळत.

त्यानंतर हॉल बांधायला घेतला. उताराच्या पायथ्याशी पत्र्याची मोठी शेड, आत मोठे आरसे, आणि शेजारी अख्ख्या तालुक्यात नसेल असं टाइल्सचं न्हाणीघर. कल्याणचे जीपवाले पॅसेंजर उतरवून ते न्हाणीघर बघायला यायचे. आंघोळ तिथं कुणी केली नाही. इतक्या चकचकीत जागी अंगावरचा मळ कसा काढायचा, असा प्रश्न पडायचा. आम्ही ओढ्यावर आंघोळ करून, नीट भांग पाडून, मग त्या न्हाणीघरात आरशात बघायला जायचो.

आणि एके दिवशी टेम्पोतून मॅट आली. कबड्डी आता मातीवरून मॅटवर चालली आहे, असं शेठ सांगायचे. मॅट म्हणजे जाड रबरी फरशांसारखे तुकडे, एकमेकांत अडकवायचे. शेडमध्ये खाली अजून मातीच होती. शेठ मला म्हणाले, "चॅम्पियन, उद्घाटनाला पाहुणे आणतो. जमीन एकदम तयार पाहिजे. ते तुझ्याकडं." मी स्टोअरकीपर. माल कसा ठेवावा हे मला कळतं, असा माझा लौकिक होता, निदान माझ्यापुरता.

जमीन तयार करणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही ती चोपली. घरटी एक बाई बोलावली. शेड खळ्यापेक्षा मोठी, म्हणून काकूनं सांगितलं, "नुसतं सारवन नको, जाड थर द्या." शेणाचा असा झकास थर बसला की कडेनं रांगोळीही काढली. दुसऱ्या दिवशी मी अंगठा दाबून पाहिला आणि जाहीर केलं की सुकलं. वरून सुकलं होतंच. मग आम्ही त्यावर मॅट अंथरली, हळद-कुंकू वाहिलं, दाराशी नारळ फोडला, आणि उद्घाटनापर्यंत तिला कुणाचा पाय लागू नये म्हणून शेडला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडं. किल्ली मी ट्रॅकसूटच्या नाडीला बांधली होती. पत्रे उन्हात तापत होते, आत सगळं शिजत होतं, आणि मी किल्ली सांभाळत होतो.

उद्घाटनाला शेठचे पाहुणे गाड्या घेऊन आले. दार उघडताच जो वास बाहेर आला, त्यानं पहिली रांग चार पावलं मागं सरकली. एका पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "इथं जवळ गोठा आहे का?" मी म्हणालो, आहे. गोठा तसा गावात होताच. मग चुलतभावानं पहिली चढाई केली. त्याच्या पायाखालचा मॅटचा तुकडा घसरला, सुटला आणि उलटा पडला. खालून पांढरी बुरशी धरलेली होती, आणि त्या बुरशीतून काळे शेणकिडे निवांत चालत बाहेर आले. एका पाहुणीनं किंकाळी फोडली. काकू माझ्या मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "थर जाड झाला काय रे?"

शेठ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कोई बात नहीं." मला तेव्हाच कळलं की आता आपलं काही खरं नाही.

पुढं सगळं भराभर झालं. शेडमध्ये सिमेंट ओतलं गेलं. गेटवर वॉचमन बसला, आणि तो आम्हालाच विचारायचा, कुणाला भेटायचंय? मुंबईहून पगारी कोच आला. त्यानं पहिल्याच सरावात मला खेळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला बढती मिळाली. कप्तानाचा मी संघ व्यवस्थापक झालो. व्यवस्थापकानं पाण्याच्या बाटल्या भरायच्या, बूट मोजून घ्यायचे आणि सामन्याच्या वेळी बाकावर पाय जुळवून बसायचं. मी घरी सांगितलं की आता माझ्यावर सगळ्या संघाची जबाबदारी आहे. बायको म्हणाली, "मंग ट्रॅकसूट नवा देतील का?"

गडीही बदलले. कोचनं बाहेरून तयार खेळाडू आणले. उंच, मांड्या दगडासारख्या, बोलायला गोड पोरं. आमच्यातला एक रात्रपाळीमुळं सुटला, दुसऱ्याला कोचनं बसवलं, तिसरा आपणहून यायचा बंद झाला. चुलतभाऊ सर्वांत शेवटी गेला. बूट घालून त्याला पळता येईना, आणि बूट काढले की कोच ओरडायचा. जाताना मला म्हणाला, "तू हायस ना आत. गाव हाय मंग." मला ते ऐकून बरं वाटलं. मी त्याच्याकडून बूट मोजून घेतले.

गावातलं खळं त्या वर्षी कुणी सारवलं नाही. हॉल असताना कशाला, असं सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणालो.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. स्पर्धेच्या नोंदी आता कोच करायचा, आणि संघाचं नाव म्हणून फार्महाऊसचं नाव लिहायचा. म्हशाची जत्रा जवळ आली तेव्हा मी धीर करून शेठना विचारलं, "शेठ, आपल्या गावाचं नाव?" त्यांनी लगेच कोचला बोलावलं. "टाका ना, टाका! जर्सीवर टाका!" आणि खरंच टाकलं. पाठीवर फार्महाऊसचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि अगदी खाली, कमरेजवळ, बारीक अक्षरांत आमचं गाव. जर्सी चड्डीत खोचायचा नियम होता, त्यामुळं गाव चड्डीत गेलं. शेठनी दिलेला शब्द पाळला होता, आता आणखी काय बोलणार? भोंग्याचं विचारायचं धाडस माझ्याच्यानं झालं नाही.

घरी वडिलांनी विचारलं, "औंदा म्हशाला हाय ना आपला गाव?"

"आहे म्हणजे? कप आणणार यंदा," मी म्हणालो. बाटल्या भरणाऱ्याला कपाची बढाई मारायला काय जातं? वडिलांनी टोपी धुवायला काढली.

त्या वर्षी म्हशाचा मांडवही शेठनीच दिला होता. समितीनं नेहमीसारखं मातीचं मैदान चोपून तयार ठेवलं होतं, आणि आमच्या टेम्पोतून आलेली मॅट त्याच्यावर अंथरली. समितीवाले हात जोडून आभार मानत होते. खेड्यापाड्यांचे संघ अनवाणी आले होते. मॅटवर त्यांचे पाय सटकायचे नाहीतर भाजायचे. एक गडी तळपायाची सालटी निघाली म्हणून बाजूला बसून त्यावर थुंकी लावत होता. आमचे बूटवाले मात्र सरसर फिरत होते. सामन्यामागून सामने जिंकत गेले. भोंग्यावर दर वेळी फार्महाऊसचं नाव यायचं, निवेदकाच्या तोंडात ते दर वेळी वेगळं व्हायचं, आणि लोक माझ्या पाठीवरच्या अक्षरांकडं बघायचे. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मी पाठ ताठ करून बसलो होतो.

अंतिम सामन्याआधी वडील गर्दीतून वाट काढत बाकापाशी आले. धुतलेली टोपी, हातात बैलाचं नवं दावं. सकाळपासून ते बाजारात फिरत कान देऊन होते.

"आपला गाव कदी हाय रे? सकाळधरनं आयकतोय, पुकारलंच नाय."

हाच आपला गाव, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. समोर मॅटवर सातजण अंग मोकळं करत होते, त्यांच्यातला एकही वडिलांच्या ओळखीचा नव्हता. मी म्हणालो, "बघतो, बाबा. तुम्ही बैलांकडं जा. पुकारतील."

"पुकारलं का येतो मंग," म्हणाले आणि गेले.

अंतिम सामना आम्ही जिंकलो. पोरांनी शेठना खांद्यावर घेतलं, शेठ खरोखर रडत होते, आणि मी रिकाम्या बाटल्या गोळा करत निवेदकाच्या टेबलाकडं गेलो. तो मला जुन्या भांडणांपासून ओळखत होता. मी म्हणालो, एकदा आमच्या गावाचं नाव घ्या. त्यानं कागद पुढं केला. "साहेब, नोंद याच नावाची आहे. मी मनानं कसं घेऊ?" टेबलापाशी एक बाई रडत उभी होती, तिची म्हातारी सासू गर्दीत चुकली होती. त्यानं तिला आधी घेतलं आणि म्हातारीचं वर्णन भोंग्यावर सांगितलं. तो संपवतोय तोवर मी म्हणालो, "मग आम्हाला हरवलेल्यांत घ्या."

"कोण हरवलंय?"

मी गावाचं नाव सांगितलं.

त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा माझ्या ट्रॅकसूटकडं बघितलं. मग सवयीनं त्याच्या तोंडून तेच जुनं वाक्य बाहेर पडलं. आमच्या गावाचं नाव घेतलं, चांगलं खणखणीत, दोनदा, आणि मंडळींनी मैदानाजवळ यावं म्हणून पुकारलं. जत्राभर ते ऐकू गेलं.

आणि मंडळी आली. मी हे धरलंच नव्हतं. मला नुसतं नाव ऐकवायचं होतं. ते ऐकून माणसं येतात, हे त्या क्षणापर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. बैलबाजाराकडून वडील पुढं, आणि मागं आमच्या गावची माणसं. कुणाच्या खांद्यावर नवी घोंगडी, कुणाच्या हातात ऊस. काकू होती. चुलतभाऊ होता, आणि त्यानं धावता धावता चप्पल काढून काखेत मारली होती. ते सगळे येऊन दोरीला लागले. समोर कोचची माणसं मॅटचे तुकडे सोडवून टेम्पोत टाकत होती.

"कोनासंगं हाय?" वडिलांनी धापा टाकत विचारलं.

"झाला सामना, बाबा. जिंकलो आपण."

वडिलांनी वळून सगळ्यांना ओरडून सांगितलं, "जिंकलो रे!" एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. चुलतभावानं काखेतल्या चपला खाली टाकल्या आणि पायात घातल्या. वडील मैदानाकडं बघत राहिले. खांद्यावर शेठ, वर धरलेला कप, एकेक पोराचा चेहरा त्यांनी नीट न्याहाळला. मग माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या बाटल्यांकडं पाहिलं, आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं,

"कोन जिंकलं रे?"